कोडिंगचे प्रश्न विचारणारा ग्रुप सांभाळायचा कसा: कोल्हापूरच्या मॉडरेटर मंडळींसाठी जरा इस्कटून

कोल्हापुरात प्रोग्रॅमिंगचा प्रश्न घेऊन येणारं माणूस कोण असतं ते आधी बघा, कारण सगळं मॉडरेशन त्यावरच उभं राहतं. एक असतो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा पोरगा, उद्या सबमिशन आहे आणि रात्री साडेअकराला त्याची लिंक्ड लिस्ट चालेना झालीय. दुसरे असतात शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले एखादे काका, आयुष्य फाउंड्रीत गेलं, एक्सेलचा मॅक्रो स्वतःच व्हिडिओ बघून शिकले आणि आता तो मॅक्रो 'रनटाइम एरर 9' देतोय. तिसरी एखादी ताई, काही वर्षं नोकरी सोडून घरी होती, आता पायथन शिकून परत नोकरी बघायलीय. आणि चौथा राजारामपुरीतल्या छोट्या ऑफिसात बसून पुण्या-मुंबईच्या क्लायंटचं काम करणारा डेव्हलपर, ज्याला वरच्या तिघांचे प्रश्न बघून कंटाळा येतो पण खरी उत्तरं त्याच्याकडंच असतात. ह्या चौघांना एका ठिकाणी नांदवायचं म्हणजे मॉडरेशन, बाकी बटणं दाबणं कुणीपण शिकतं.

ह्या लेखात मी एकच गोष्ट लावून धरणार आहे, ती आधीच सांगतो. तुम्ही प्रश्न बंद करा, उत्तर उडवा, मायनस (नापसंतीचं मत) द्या, काहीही करा, पण समोरच्याला दोन गोष्टी कळल्याच पाहिजेत, की नेमकं काय कमी आहे आणि आता त्यानं पुढं काय करायचं. ह्या दोन्ही न सांगता केलेली कारवाई म्हणजे नुसतं हाकलणं, आणि हाकललेलं माणूस परत येत नाही, ते गुपचूप कुठल्यातरी व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊन तोच प्रश्न विचारतं जिथं उत्तर मिळालं तरी आठ दिवसांनी कुणाला सापडत नाही.

आधी हद्द ठरवा

कुठले प्रश्न चालणार आणि कुठले नाही हे पहिल्या दिवशी लिहून ठेवा, आठ-दहा ओळींत, मोबाईलच्या एका स्क्रीनवर मावेल एवढंच. पानभर नियम कोण वाचत नाही. आपल्याकडं हद्दीचा घोळ ठराविक ठिकाणी होतो. सीएनसी मशीनचा जी-कोड, म्हणजे कंप्युटरवर चालणाऱ्या मशीनला द्यायच्या सूचना, चालणार का? माझं मत, चालणार, तो प्रोग्रॅमच आहे, लूप आणि व्हेरिएबलवाले मॅक्रो त्यात पण असतात, आणि इथं त्याची जाण असलेली माणसं पुण्यापेक्षा कमी नाहीत. पण 'कुठलं मशीन घेऊ' हा प्रश्न चालणार नाही. तसंच 'कुठला लॅपटॉप घेऊ', 'जावा शिकू का पायथन', 'कुठला क्लास चांगला' ह्यांना एकच बरोबर उत्तर नसतं, नुसती मतं पडतात आणि त्यात क्लासवाल्यांचे लोक स्वतःची जाहिरात करून जातात. असल्या गप्पांसाठी वेगळा कट्टा करून द्या, तिथं काय ते होऊ दे.

भाषेचं पण आधीच ठरवा. प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांची वेबसाइट स्टॅक ओव्हरफ्लो 2008 साली जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की ह्यांनी सुरू केलं, ते मुळात इंग्रजीत आहे, पुढं पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी भाषेत वेगळ्या आवृत्त्या आल्या पण मराठीत नाही. म्हणून मराठीत विचारायची सोय असणं हीच आपली ताकद आहे, ती घालवू नका. वर्णन मराठीत, देवनागरीत नाहीतर इंग्रजी अक्षरांत कसंपण चालेल, फक्त एरर मेसेज मात्र जसाच्या तसा, भाषांतर न करता. कारण पुढच्या वर्षी तोच एरर आलेला माणूस तो मेसेजच सर्चमध्ये टाकणार, 'माझा प्रोग्रॅम बंद पडला' असं टाकून त्याला काय सापडणार.

प्रश्न आला की लगेच बटण दाबू नका

आधी चार गोष्टी शोधा. माणसाला करायचं काय आहे, त्यानं काय करून बघितलं, काय व्हायला पाहिजे होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. ह्यातलं जे सापडत नाही तेवढंच विचारायचं. चारही असतील आणि तुम्हाला तरी प्रश्न 'फालतू' वाटत असेल तर तो फालतू नाही, तो सोपा आहे, आणि सोपा असणं हा काही गुन्हा नव्हे.

बऱ्याचदा पहिलीच गोष्ट चुकलेली असते. माणूस विचारतो 'स्ट्रिंगमधली शेवटची तीन अक्षरं कशी काढू', तुम्ही सांगता, मग दोन तासांनी कळतं की त्याला फाइलचं एक्स्टेन्शन काढायचं होतं आणि ते कधी तीन अक्षरी असतं कधी चार. म्हणून विचित्र वाटणारा प्रश्न आला की 'हे तुम्हाला कशासाठी पाहिजे' असं साधं विचारायचं, पण ते 'कशाला पाहिजे तुला' असं ऐकू जाणार नाही ह्याची काळजी घेऊन.

आता कोड कमी करून आणायला लावणं. समोरून चारशे ओळींची फाइल येते नाहीतर तीनच ओळी येतात ज्यातून काहीच कळत नाही. आपल्याला पाहिजे असतो तो छोटा पण पूर्ण कोड, जो कॉपी करून चालवला की तोच एरर आपल्याकडं पण येईल. पण 'मिनिमल एक्झाम्पल द्या' एवढं म्हणून नवख्याला काहीच कळत नाही, त्याला असं सांगा: फाइलची एक कॉपी करा, मूळ फाइलला हात लावू नका, कॉपीतून एरर नसलेला एकेक भाग काढत जा, प्रत्येक वेळी चालवून बघा, एरर गायब झाला की शेवटचा काढलेला भाग परत टाका, डेटाबेसमधून येणाऱ्या डेटाच्या जागी हातानं दोन-तीन ओळी लिहा. असं करता करता निम्म्या लोकांना चूक स्वतःच सापडते आणि प्रश्न तिथंच सुटतो. त्यांना सांगा की सापडली तर उत्तर स्वतःच खाली लिहा, प्रश्न डिलीट करू नका.

स्क्रीनशॉटचा विषय एकदाच क्लिअर करून टाका. कोडचा फोटो चालत नाही कारण तो कॉपी करता येत नाही, सर्चला सापडत नाही, दृष्टी नसलेल्यांचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही आणि मॉनिटरचा मोबाईलनं काढलेला फोटो असला तर कोलन आहे का सेमीकोलन तेपण कळत नाही. हे कारण सांगितलं की लोक ऐकतात, 'फोटो टाकू नये' एवढाच नियम तोंडावर फेकला तर वाद घालतात. डिझाइन बिघडलंय, बटण खाली सरकलंय असल्या प्रश्नात मात्र स्क्रीनशॉट पाहिजेच.

कॉमेंट: कोल्हापुरी बोलणं आणि कोल्हापुरी लिहिणं

आपली बोलायची पद्धत रांगडी. समोरासमोर चहा पिताना 'आरं डोकं ठेवून आलास काय घरात' म्हटलं तरी पोरगं हसतं, कारण तोंडावरचं हसू आणि पाठीवरची थाप दिसते. तेच वाक्य स्क्रीनवर लिहिलं की त्यातलं हसू जातं आणि नुसता अपमान उरतो, आणि तो अपमान रोज नवीन येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला मिळतो, जो काही विचारायच्या आधीच ठरवतो की इथं नको विचारायला. त्यामुळं खेचाखेची कट्ट्यावर ठेवा, प्रश्नाखाली नको.

संबोधनाचं पण तसंच. अनोळखी सगळ्यांना 'तुम्ही', मग समोर एफवायचं पोरगं असू दे. 'भावा' हे आपल्या तोंडात बसलंय पण प्रोफाइलवरून समोर कोण आहे ते कळत नाही, आणि ज्या पोरीला दहा वेळा 'भावा' आणि 'सर' ऐकावं लागतं तिला कळून चुकतं की इथं ती असेल असं कुणी धरलेलंच नाही. ओळख झाल्यावर जे काय म्हणायचं ते म्हणा.

चांगल्या कॉमेंटचा साचा सोपा आहे. बोलायचं ते प्रश्नाबद्दल, माणसाबद्दल नाही. एक नेमकी कमतरता, ती का लागते त्याचं कारण, आणि एक करता येईल अशी पुढची पायरी. त्या फाउंड्रीवाल्या काकांचं उदाहरण घ्या. प्रश्न आला, 'मॅक्रो चालत नाही, काल चालत होता, अर्जंट'. एक कॉमेंट अशी असते, 'काय चालत नाही? आम्ही काय ज्योतिषी आहे काय?' लाइक भरपूर पडतात, काका गायब. दुसरी अशी:

'एरर 9 म्हणजे मॅक्रो ज्या नावाची शीट शोधतोय ती त्याला सापडत नाही, असं बहुतेक वेळा असतं. एररच्या खिडकीत डीबग दाबा, जी ओळ पिवळी होईल ती इथं कॉपी करून टाका, आणि तुमच्या शीटचं नाव अक्षर न अक्षर तसंच लिहा, शेवटी स्पेस पडलीय का तेपण बघा.'

लिहायला मिनिटभर जास्त लागला असेल. पण ह्यात काकांना नेमकं काय आणायचं ते कळलं, आणि शीटच्या नावामागची स्पेस हाच घोळ असेल, बऱ्याचदा असतोच, तर काम तिथंच संपलं.

दोन-तीन बारीक गोष्टी. एका कॉमेंटमध्ये सात चुका काढू नका, जी सगळ्यात जास्त अडवते तीच आधी. चार जणांनी तेच सांगितलं असेल तर पाचवं तुम्ही सांगू नका, ती गर्दी अंगावर येते. 'गूगल कर' हे तर कधीच नको, कारण काही महिन्यांनी गूगल करणारा माणूस नेमका त्याच पानावर येतो आणि तिथं त्याला 'गूगल कर' एवढंच वाचायला मिळतं. आणि माणसानं सांगितल्याप्रमाणं प्रश्न सुधारला की तुमची जुनी कॉमेंट काढून टाका, तिचं काम झालं.

नेहमी लागणाऱ्या कॉमेंटी एका नोटमध्ये तयार ठेवायला हरकत नाही, पण चिकटवायच्या आधी त्यात त्या प्रश्नातली एक तरी नेमकी गोष्ट घाला, नाहीतर यंत्र बोलल्यासारखं वाटतं.

पासवर्ड आणि गिऱ्हाइकांचा डेटा: इथं मात्र आधी कारवाई मग बोलणं

वर म्हटलं बटणाची घाई नको, त्याला हा एकच अपवाद. कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट गेटवेची सिक्रेट की (पासवर्डसारखी गुप्त किल्ली), क्लाउडची की, नाहीतर टेस्ट डेटा म्हणून दुकानाच्या खऱ्या गिऱ्हाइकांची नावं, मोबाईल, आधार नंबर आलेत असं दिसलं की असं करा.

पहिल्यांदा पोस्ट लपवा. नुसती एडिट करून भागत नाही कारण बऱ्याच ठिकाणी एडिटची हिस्टरी सगळ्यांना दिसते, जुनी आवृत्ती उघडली की पासवर्ड तिथंच असतो. हिस्टरीतून पण ती आवृत्ती काढायचा अधिकार कुणाकडं आहे ते आधीच माहीत करून ठेवा, रात्री बाराला शोधत बसायची गोष्ट नाही ती. मग त्या माणसाला खाजगीत कळवा, आणि त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे पाहिजे की ती की आत्ता लगेच रद्द करून नवीन घ्या. पोस्ट काढली म्हणजे वाचलो असं नसतं, उघड्यावर पडलेल्या की शोधत फिरणारे बॉट असतात, त्यामुळं एकदा बाहेर आलेली की गेली असंच धरायचं. कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणाऱ्या गिटमध्ये तर अजून वाईट, पुढच्या कमिटमध्ये (जतन केलेल्या आवृत्तीत) पासवर्ड काढला तरी मागच्या कमिटमध्ये तो तसाच राहतो. गिटवरचा कोड ठेवायची वेबसाइट गिटहब सगळ्यांना दिसणाऱ्या रेपोमधल्या (कोडच्या साठ्यातल्या) ओळखीच्या प्रकारच्या की स्वतः स्कॅन करते, पण तुमच्या स्वतःच्या डेटाबेसचा साधा पासवर्ड त्याला ओळखू येईलच असं नाही.

ह्या सगळ्यात त्या माणसाला चारचौघांत बोलू नका. 'बघा, ह्यानं पासवर्ड टाकला' अशी कॉमेंट म्हणजे सगळ्या दुनियेला पासवर्ड बघायला बोलावणं. लपवून झालं, कळवून झालं, की प्रश्न साफ करून परत दाखवा, त्याला उत्तर मिळू दे.

एडिट करायची मुभा आणि तिची मर्यादा

खूप वेळा चार कॉमेंटी करण्यापेक्षा स्वतः एडिट करणं सोपं असतं. कोडला कोडचं फॉरमॅट देणं, 'हेल्प करा अर्जंट' ह्या टायटलच्या जागी एरर आणि भाषेचं नाव घालणं, टॅग लावणं, हे बिनधास्त करा आणि एडिटच्या कारणात एक ओळ लिहा म्हणजे माणूस पुढच्या वेळी स्वतः करेल.

पण कोडच्या आतल्या चुकीला हात लावायचा नाही. पायथनमध्ये हे फार होतं, एडिट करणारा चांगल्या मनानं स्पेस नीट लावतो आणि मूळ चूकच इंडेंटेशनची असते, मग प्रश्नातला कोड बरोबर आणि एरर मात्र खाली तसाच, वाचणारे चक्रावतात. तसंच विचारणाऱ्याच्या मराठीला इस्त्री करत बसू नका, 'हाय' लिहिलंय तर 'आहे' करायचं काय कारण, अर्थ कळतोय ना, मग झालं.

डुप्लिकेट म्हणून बंद करणं, आणि मराठी अक्षरं फुटण्याची गोष्ट

डुप्लिकेट म्हणून बंद करणं ही शिक्षा नव्हे, ते 'उत्तर पलीकडं आहे' असं दाखवणं आहे. पण लोकांना ती शिक्षाच वाटते, आणि त्याला कारण बंद करणारेच असतात, टायटल सारखं दिसलं की लिंक डकवून मोकळे. योग्य पद्धत अशी, जुनं उत्तर उघडा, ते ह्या नवीन कोडला लावून बघा, आणि लागू होत असेल तरच बंद करा, सोबत एक ओळ लिहा की त्यातला कुठला भाग तुमच्यासाठी आहे.

खरा डुप्लिकेट कसा असतो? गूळ मार्केटातल्या आडतीचं बिलिंग लिहिणारा एक जण विचारतो की बेरजेत पैशाचा फरक का येतो, आणि एखादी विद्यार्थिनी विचारते की 0.1 अधिक 0.2 केल्यावर 0.30000000000000004 का येतं. शब्द पूर्ण वेगळे, कारण एकच, बरेचसे दशांश अपूर्णांक कंप्युटरच्या बायनरीत (0 आणि 1 च्या पद्धतीत) नेमके मावत नाहीत. दोघांना एकाच उत्तराकडं पाठवा, आडतवाल्याला वरून एवढंच सांगा की हिशोब पैशात पूर्णांकानं ठेवा नाहीतर डेसिमल टाइप वापरा.

आणि खोटा डुप्लिकेट? 'मराठी अक्षरं फुटतात'. हा प्रश्न आपल्याकडं सारखा येतो आणि दरवेळी कुणीतरी जुन्या कुठल्यातरी लिंकवर बंद करतं, पण हे नुसतं लक्षण आहे, ताप आलाय म्हटल्यासारखं, मलेरिया का टायफॉइड ते बघायलाच पाहिजे. म्हणून आधी विचारा की फुटतात म्हणजे नेमकं काय दिसतं.

प्रश्नचिन्हं दिसत असतील तर बहुतेक डेटाबेसच्या टेबलाचं नाहीतर कनेक्शनचं कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) चुकलंय, देवनागरी न मावणारं लॅटिन 1 राहिलंय. त्यात पण दोन प्रकार, सेव्ह होतानाच अक्षरं गेली, का सेव्ह नीट झालीत आणि वाचताना बिघडतायत. मायएसक्यूएलमध्ये हेक्स फंक्शननं तो कॉलम बघायला सांगा, 3एफ 3एफ दिसलं तर तिथं खरोखरची प्रश्नचिन्हंच साठलीत, तो डेटा परत येत नाही, आणि ई0 ए4 असं सुरू होत असेल तर देवनागरी शाबूत आहे, फक्त कनेक्शन सुधारा.

परदेशी टिंबाटोपीवाली अक्षरं दिसत असतील तर डेटा चांगला आहे, यूटीएफ-8 मधली (मराठीसकट सगळ्या भाषा मावणाऱ्या पद्धतीतली) फाइल दुसरंच एन्कोडिंग समजून उघडलीय. सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की हे होतं, इम्पोर्ट करून यूटीएफ-8 निवडलं की झालं.

मजकूर मुळात श्रीलिपी नाहीतर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, सरकारी कागद आणि छापखान्यांत अजून भरपूर सापडतो, तर तो युनिकोड नाहीच, इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले असतात. तिथं कन्व्हर्टर लागतो, कॅरेक्टर सेट किती बदललं तरी उपयोग नाही. आणि स्क्रीनवर बरोबर दिसून पीडीएफमध्येच वेलांटी सरकत असेल, जोडाक्षर तुटत असेल तर पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीला देवनागरीची अक्षरजुळणी येत नाही.

बघा, एक टायटल आणि इतकी वेगवेगळी कारणं. असल्या विषयावर तुम्ही स्वतःच एक सविस्तर प्रश्नोत्तर लिहून ठेवा, लक्षणावरून कारण शोधता येईल असं, मग डुप्लिकेट लावताना तिथं पाठवायला लाज वाटत नाही. अशी पाच-दहा पक्की प्रश्नोत्तरं जमली की ग्रुपचं निम्मं काम हलकं होतं.

जुन्या उत्तराचं वय पण बघा. पायथन 2 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला, त्यातलं कंसाशिवाय प्रिंट लिहिणारं उत्तर आजच्या पोराला दाखवून उपयोग नाही.

बंद केलेलं परत उघडणं

हे सगळीकडं राहून जातं. माणसानं सांगितल्याप्रमाणं प्रश्न सुधारला, आता उघडणार कोण? कुणीच बघत नाही. म्हणून बंद केलेल्या पण नंतर एडिट झालेल्या प्रश्नांची वेगळी यादी ठेवा आणि ती रोज बघायची जबाबदारी एका नावावर टाका, 'सगळे बघतील' म्हटलं की कोण बघत नाही. ज्यानं बंद केलं त्यानंच उघडलं पाहिजे असंपण नाही, उलट दुसऱ्यानं बघितलेलं बरं.

मायनस

स्टॅक ओव्हरफ्लोवर प्लस-मायनसचा हिशोब बारकाईनं बांधलाय. प्लस द्यायला बरीच वर्षं 15 रेप्युटेशन (चांगल्या पोस्टवर मिळणारे गुण) लागायचं, दुसऱ्यांच्या पोस्टखाली कॉमेंट करायला 50, मायनस द्यायला 125, आणि बंद करायचं मत द्यायला 3000. उत्तराला प्लस मिळाला की 10 वाढतात, मायनस मिळाला की 2 जातात, आणि दुसऱ्याच्या उत्तराला मायनस देणाऱ्याचा स्वतःचा 1 जातो. प्रश्नाला मायनस देताना देणाऱ्याचं काहीच जात नाही. ह्यामागं विचार आहे, मायनस उधळला जाऊ नये पण चुकीचं उत्तर खाली तर गेलंच पाहिजे.

पण हे आकडे लाखो लोकांच्या गर्दीसाठी आहेत, आपल्या शे-दोनशे माणसांच्या ग्रुपला जसेच्या तसे लावू नका. लहान ग्रुपात प्रश्नावर मायनसच नको असं माझं स्पष्ट मत आहे. तीन मायनस म्हणजे गर्दीत काहीच नाही, पण आपल्याकडं त्या तिघांची नावं माणूस मनात जुळवत बसतो, कारण तेच तिघं त्याला केएमटीच्या बसमध्ये नाहीतर कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये भेटणार असतात. उत्तरांवर मात्र मायनस पाहिजेच. कुणी लॉगिनचा कोड देताना युजरनं टाइप केलेलं नाव थेट एसक्यूएलच्या (डेटाबेसशी बोलायच्या भाषेच्या) वाक्यात जोडून दिलं तर तो कोड चालतो, विचारणारा खूश होतो, आणि उद्या कुणीपण त्या खिडकीतून डेटाबेसमध्ये शिरतो. तिथं मायनस द्या आणि का दिला तेपण लिहा, 'ह्यात एसक्यूएल इंजेक्शन होतं, पॅरामीटरवाली क्वेरी वापरा'.

उत्तरं: चुकीचं वेगळं, उत्तरच नसलेलं वेगळं

नवीन मॉडरेटर इथं फार गडबडतात. चुकीचं उत्तर उडवायचं नसतं, ते मायनस आणि कॉमेंटसकट तिथंच राहू दे, म्हणजे तोच विचार करणाऱ्या पुढच्या माणसाला कळतं की हा रस्ता बंद आहे. उडवायचं ते उत्तर नसलेलं, 'मलापण हाच प्रॉब्लेम येतोय', 'थँक्यू भावा', 'सुटला का?' आणि 'रेडीमेड प्रोजेक्ट रिपोर्टसकट मिळेल, इनबॉक्स करा'. पहिल्या तिघांना काढताना सांगा की असं कॉमेंटमध्ये लिहा नाहीतर नवीन प्रश्न विचारा, चौथ्याला काही सांगायची गरज नाही, थेट स्पॅम.

सबमिशनच्या प्रश्नांना सरसकट बंदी नको. स्वतः काहीतरी लिहून आणलंय आणि अडलंय तर मदत करा, पण अख्खा प्रोग्रॅम लिहून देऊ नका, अडलेल्या ओळीपाशी नेऊन सोडा. नुसता जर्नलमधला प्रश्न टाइप करून टाकला असेल तर 'तुम्ही कुठपर्यंत आणलंय ते दाखवा' म्हणायचं आणि थांबायचं. व्हायव्हाला त्यालाच बसायचंय.

दुसरीकडचं उत्तर मराठीत आणलं तर चांगलंच आहे, पण मूळ लिंक आणि लिहिणाऱ्याचं नाव पाहिजे. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली असतो, श्रेय दिल्याशिवाय वापरता येत नाही, भाषांतर केलं म्हणून ते आपलं होत नाही.

एआयनं लिहिलेली उत्तरं

नोव्हेंबर 2022 च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि काही दिवसांतच, डिसेंबरमध्ये, स्टॅक ओव्हरफ्लोनं त्याची उत्तरं टाकायला बंदी केली, कारण ती दिसायला चकाचक पण चुकीची असायची आणि तपासणारी माणसं कमी पडायची. पुढं 2023 च्या जूनमध्ये तिथले बरेच मॉडरेटर संपावरपण गेले, कारण असली उत्तरं काढायच्या त्यांच्या अधिकारावर कंपनीनं मर्यादा आणली होती. म्हणजे मोठ्या ठिकाणीपण हे सोपं गेलेलं नाही.

आपल्याकडं नियम असा ठेवा, उत्तर कुठून आणलंय ते सांगा आणि स्वतः चालवून बघितलंय का ते सांगा. 'हे एआयचंच आहे' असा आरोप डिटेक्टर वापरून करू नका, ते डिटेक्टर माणसानं लिहिलेल्यालापण एआय ठरवतात आणि नीट, व्यवस्थित लिहिणारा एखादा प्रामाणिक माणूस त्यात उगाच भरडतो. त्यापेक्षा मजकुरावर बोला. त्या लायब्ररीत नसलेलंच फंक्शन वापरलंय, प्रश्नात व्हर्जन दिलेलं असून दुसऱ्याच व्हर्जनचं उत्तर दिलंय, चालवलं की एरर येतोय, एवढं दाखवलं की पुरे, लिहिलं कुणी हा वादच उरत नाही.

भांडण लागलं की

कॉमेंटमध्ये दोघांची जुंपली की कोण बरोबर ते ठरवत बसू नका. कॉमेंटी लॉक करा, कामाच्या असतील त्या ठेवा, बाकीच्या दोन्ही बाजूंच्या काढा. एकाच्याच काढल्या की तुम्ही पार्टी झालात. मग दोघांना वेगवेगळं खाजगीत लिहा, कुठलं वाक्य चाललं नाही ते कोट करून, 'तुमचं वागणं' असलं मोघम नको. परत झालं तर एक दिवस लिहायला बंदी, मग सात, मग तीस, आणि हे आकडे नियमात आधीपासून लिहिलेले पाहिजेत म्हणजे कुणाला वाटायला नको की माझ्यासाठीच काढले. शिवीगाळ आणि पोरींना इनबॉक्समध्ये त्रास देणं ह्याला मात्र पायऱ्या नाहीत, पहिल्याच वेळी बाहेर, आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, पुढं सायबर पोलिसांकडं जायची वेळ आली तर त्या बाईला ते लागतात.

आणि ज्या भांडणात तुम्ही स्वतः आहात तिथं मॉडरेटरचं बटण तुमचं नाही. दुसऱ्याला सांगा. आपल्याकडं सगळे एकमेकांचे मित्र, नाहीतर मित्राचे मित्र असतात, म्हणून हे जास्तच पाळायला पाहिजे.

माणसं वाटून घ्या

एकट्यानं मॉडरेशन करू नका, निदान तिघं पाहिजेत, आणि शक्य असेल तर एक विद्यार्थी, एक नोकरीवाला आणि एक वेगळ्या क्षेत्रातला, त्यात एक तरी बाई. तिघं एकाच कॉलेजच्या एकाच बॅचचे असले की त्यांना सगळं सारखंच खटकतं आणि सारखंच चालतं. दिवस वाटून घ्या, आपला दिवस नसेल तर ॲप बघू नका, सबमिशनच्या आठवड्यात तर नक्कीच दोघं एकदम पाहिजेत.

प्रत्येक कारवाईची एका साध्या शीटमध्ये नोंद ठेवा: तारीख, लिंक, काय केलं, का केलं. महिन्यातून एकदा तिघांनी मिळून ती चाळा. एकाच्या नावावर बंद केलेले प्रश्न फार दिसले तर भांडायचं नाही, त्यातले पाच उघडून वाचायचे आणि तिथं कारण आणि पुढची पायरी लिहिलीय का एवढंच बघायचं.

अधिकार पण हळूहळू खाली सोडा. जेफ अ‍ॅटवुडनंच पुढं सहकाऱ्यांबरोबर डिस्कोर्स नावाचं फोरम चालवायचं सॉफ्टवेअर काढलं, त्यात ट्रस्ट लेव्हल (विश्वासाच्या पायऱ्या) 0 ते 4 असतात, माणूस जितका वाचतो, वावरतो तसे त्याचे अधिकार 3 पर्यंत आपोआप वाढतात, 4 मात्र हातानंच द्यावी लागते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसली तर हातानं करा, जो तीन-चार महिने नीट उत्तरं देतोय त्याला आधी एडिटचा अधिकार, मग डुप्लिकेट लावायचा, आणि बॅनचा सगळ्यात शेवटी. एडिट देताना त्याच्याबरोबर बसून चार जुने प्रश्न उघडा आणि त्यालाच विचारा, ह्यात काय बदलशील, काय बदलणार नाहीस. पायथनच्या कोडला हात लावला नाही तर द्या अधिकार.